सलाईनची दुपार

"गो नर्मदा! दार उघड गो! बांगडो घेतंस की माझा तोंडच बघतंस?"

ही हाक सरलाच्या कानात पाटी-पेन्सिलीच्याही आधीची होती. सकाळी पाणंदीतून आधी हाक यायची, हाकेमागून मासळीचा वास यायचा, आणि वासामागून डोक्यावर पाटी, कासोटा घट्ट, पावलं ओली, अशी हौसाबाई यायची. हाक इतकी खणखणीत, की गडग्यावर झोपलेली मांजरं खाली उड्या टाकत. "मेलेच्या गळ्यात देवान शंख घातल्यान," असं म्हणत सरलाची आई हसत हसत ताट घेऊन बाहेर यायची. सरला परकर सावरत पुढे धावायची आणि पाटी उतरवायला आपला इवलासा हात लावायची.

"लाव गो चेडवा, लाव. तुझ्या हातान पाटी हलकी होता."

पाटी उतरली की हौसाबाई उकिडवी बसे, तांब्याभर पाणी घटाघटा पिई आणि लगेच उठे. "बस गो जराशी," आई म्हणे. "मी बसलंय तर बांगडे उठान चलाक लागतले," ती म्हणे, आणि तोवर पुढच्या दारी तिची हाक पोचलेली असे.

तीच हौसाबाई पुढे दवाखान्यातल्या खाटेवर आडवी पडलेली सरलाने पाहिली, तेव्हा तिने तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, आवाज चिरलेला. सरला मनगट हातात घेऊन शीर शोधत असताना म्हातारीच म्हणाली, "नर्मदाचा चेडू मा तू? लाव गो, लाव. तुझ्या हातान लाव." तेव्हा कुठे सरलाला पाणंद आठवली.

ते पंच्याऐंशी साल. सरला घाटावर नर्सिंगचा कोर्स पुरा करून गणपतीच्या सुमारास मालवणात परतली होती. बाजारात भाई डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली तपासणी, काउंटरमागे लवू कंपाउंडर आणि त्याची रंगीत मिक्श्चरं. लाकडी जिना चढून वर गेलं की सलाईनची खोली. रेक्झिनच्या खाटा, लोखंडी स्टँड, त्यांना उलट्या टांगलेल्या काचेच्या बाटल्या, कोपऱ्यात सुया उकळायचं भांडं. माणूस सकाळी यायचा, बाटली संपेपर्यंत पडायचा आणि दुपारी आपल्या पायांनी घरी जायचा. संध्याकाळी खोलीला कुलूप.

"माझ्या चेडवाक रातपाळी नाय," आई सगळ्या शेजारपाजारात सांगत सुटली. "मेला-गेला काय बघूक नको. दिवेलागणीक घराक."

सरलालाही सुरुवातीला ते काम आवडलं. हाताचं काम होतं. दर्यावर्दी माणसांची कातडी मिठाने आणि उन्हाने जाड झालेली. तिच्याखालची शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागावी लागते. सरलाच्या बोटाला ती लागायची. जिथे भाई डॉक्टर स्वतः दोन-दोनदा टोचून घामाघूम होत, तिथे सरला डोळे अर्धे मिटून, अंगठ्याने चाचपून, एका दमात सुई सरकवायची. महिन्याभरात माणसं जिन्याखालूनच सांगू लागली, "नर्मदाच्या चेडवाकडे जातंय."

पण येत कोण होतं? हगवणीने सुकलेलं एखादं मूल, उलट्यांनी हैराण झालेली पोटुशी बाई, तापातून उठलेला एखादा खलाशी. त्यांना बाटलीने खरंच जीव यायचा. बाकीचे यायचे ताकदीसाठी. "अंगात ताकद नाय, एक लावून टाका." आणि ती बाटलीसुद्धा पिवळीच हवी. भाई डॉक्टर त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडत, बाटलीला हळदीचा रंग चढे, आणि रोग्याच्या तोंडावर समाधान. नुसती पांढरी टांगली की माणसं हिरमुसत. "गेल्या वेळी पांढरी लावलास, कायएक गुण नाय."

त्यात एक नेमही होता. सलाईन लावलेल्या हाताला त्या दिवशी पाणी लागू द्यायचं नाही. हा नेम कोणी घातला, ठाऊक नाही, पण बाजारापासून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत सगळे तो पाळत. पाणी लागलं तर हात सुजतो म्हणे, आत गेलेली ताकद सुईच्या भोकातून परत वाहून जाते म्हणे. त्या दिवशी पुरुष होडीवर जात नसत. बायकांना भांडी नाहीत, धुणं नाही, मासळी कापणं नाही. जाताना प्रत्येक जण जिन्यात वळून विचारी, "डॉक्टरानू, पाण्यात हात घालूचो नाय मा?" आणि भाई डॉक्टर वर न बघता हसून म्हणत, "नका घालू."

त्या हसण्याचा सरलाला राग यायचा. शिकला-सवरलेला माणूस, आणि एवढं खोटं असं सहज जाऊ देतो!

हौसाबाई यायची पुनवेच्या आसपास. चांदण्या रात्री जाळ्यात मासळी कमी लागते, किनाऱ्यावरचा लिलाव लवकर आटपतो, म्हणून ते दिवस तिला जमत. तिचा मुलगा सत्यवान तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणी, जिना चढवून वर पोचवी आणि सांगे, "आयेक पिवळी लावा. बरीशी." तेच दिवस साधून मोहल्ल्यातली हवाबी यायची. तिचा नवरा मचव्यावरच्या खलाशांचा तांडेल, घरात पाहुण्यांची रीघ, आणि हवाबीला छातीत धडधड. दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी. खालून लवू ओरडे, "पुनवेच्यो राण्यो इल्यो गो, सरलाबाय! पलंग झाडा!"

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" वरून दोघी एकदम म्हणत.

मग बाटल्या लागत, आणि खोलीभर त्यांचं बोलणं थेंबासारखं पडत राही.

"हौसा, तुझी खंयसर पोचली?"

"अर्धी. तुझी?"

"माझी मेली धावता. बाय, जरा सावकाश सोड गो."

"माझीव सावकाश कर, चेडवा."

सरलाला नवल वाटे. बाकी सगळे रोगी "लवकर सोडा, एस्टी चुकात" म्हणून जीव खात. या दोघीच तेवढ्या नळीचा चिमटा घट्ट करायला सांगत. बाटलीवर ऊन सरकत जाई, वारा खिडकीचं झापड हलवी, खाली बाजार भांडत असे, आणि हौसाबाई डोळे मिटून जात्यावरच्या चालीत आपलंच काहीतरी जुळवी:

"पिवळी गो बाटली, टांगली दांड्याक,
थेंबान थेंब सुख इला हौसाच्या वाट्याक."

"गप गो," हवाबी म्हणे. "डॉक्टर ऐकात तर ह्या गाण्याचोव आकार लावीत."

दोघी पोट धरून हसत, स्टँड हलत, आणि सरला ओरडे, "हात हलवू नका, सुई निघेल!" हसता हसता हौसाबाईला झोप लागे. तोंड उघडं टाकून, पाय पसरून, मेल्यासारखी झोप. बाटली संपली तरी तिला हलवावं लागे. जागी झाली की क्षणभर ती छपराकडे बघत राही, मग बाटलीकडे. "सरली?" ती विचारी. "सरली," सरला म्हणे.

सरलाला हसू येई, पण घरी जाताना मन आंबट होऊन जाई. घाटावर वॉर्डात असताना माणूस स्ट्रेचरवरून यायचा. त्याची जखम, त्याचा ताप, त्याच्या बायकोचं रडणं, सगळं आपल्या हातांखालून जायचं, आणि एक दिवस तो चालत दारातून बाहेर पडायचा. तिथे नर्स असणं म्हणजे काय ते कळायचं. इथे? इथे कोणी बरं होत नव्हतं, कारण कोणी आजारीच नव्हतं. मीठ आणि साखर पाण्यात कालवून, हळदीच्या रंगात बुडवून, ती माणसांना आशा टोचत होती.

महाशिवरात्रीला ती कुणकेश्वरला गेली. तिथे यात्रेच्या गर्दीत विमला भेटली. विमला तिच्याच बॅचची, सावंतवाडीची, आता तिथेच एका वॉर्डात कामाला. दोघी देवळामागे वाळूत उसाचा रस घेऊन बसल्या.

"मग? काय म्हणते तुझी पाणपोई?" विमलाने विचारलं.

"कसली पाणपोई?"

"बाटली लाव, बाटली काढ. पाणपोईच की!"

"शिरा सापडतात मला. तुमच्या वॉर्डात कोणाला सापडत असतील तर सांग."

"त्या नाहीत सापडत, कबूल. पण परवा फुरशाने चावलेला एक कातकरी आला. सुजून भोपळा झालेला. मी उशाशी बसून होते. सकाळी डोळे उघडलेन आणि माझ्याकडे पेज मागितलीन. तुझ्याकडे कोण मागतं गं पेज?"

सरलाने रसाचा पेला वाळूत रोवला. लाट येऊन चपलांपाशी थांबली.

"मे महिन्यात आमच्याकडे एक जागा सुटतेय," विमला म्हणाली. "मेट्रन विचारत होत्या, कोण चांगली मुलगी आहे का म्हणून. तू येतेस तर सांग. पण लवकर. एकच एक काम करत राहिलीस तर हात गंजतील तुझे."

गंज हा शब्द सरलाच्या मनात रुतून बसला. त्यात तिकडून भाई डॉक्टरांनीही विचारून ठेवलेलं. "गॅलरी बंद करून आणखी खाटा टाकायच्या म्हणतोय. सगळी खोली तुझ्या ताब्यात. दिवसाचं काम, घराजवळचं काम. पण तू टिकणार असशील तरच सुतार बोलावतो." उत्तर द्यायचं होतं. आईला विचारावं तर ती म्हणे, "ह्येच्यात विचारूचा काय आसा? सावंतवाडीक जावन रातपाळये करतलंस?" एका पारड्यात घर, ऊन, शीर लागणारं बोट. दुसऱ्या पारड्यात ती पेज. सरला रोज तोलायची, आणि रोज तागडी दुसरीकडे झुके.

एवढं मात्र तिने मनाशी ठरवलं: जाईन नाहीतर राहीन, पण पाणपोई चालवणार नाही.

शिमग्याच्या तोंडावर हौसाबाई आली. हवाबी त्या दिवशी नव्हती. सरलाने बाटली टांगली, पण सुई हातात घेण्याआधी ती खाटेच्या कडेला बसली. हौसाबाईची पापणी खाली ओढून बघितली. आत लाली नावालाच. जीभ बघितली, नखं बघितली, पायावर अंगठा दाबून बघितला.

"बघतंस काय इतक्या?" हौसाबाई म्हणाली. "माका स्थळ इला काय?"

"रक्त कमी आहे तुझं, हौसामावशी. झोप लागते?"

"पडलंय काय मरान पडतंय. पण पडतंय कधी?"

"जेवतेस काय?"

"जेवतंय. सगळ्यांचा झाला की."

"आणि दमायला कधीपासून होतं?"

हौसाबाई हसली. दात थोडे उरलेले, पण हसू तेच पाणंदीतलं. "लगीन झाला तेव्हापासून."

सरलाने ते सगळं ऐकलं आणि त्यातून एकच अर्थ काढला: रक्त कमी. त्याला औषध होतं, स्वस्त होतं, खरं होतं. बाटली चालू असताना तिने खाली जाऊन भाई डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या लिहून घेतल्या. वर आली तेव्हा हौसाबाई गाढ झोपलेली. बाटली संपली तशी सत्यवान आला. उंच, साधा गडी, डोळे आईसारखे.

"बाय, आयज आयेन पाण्यात हात घालूचो नाय मा?"

आणि सरला हसली. भाई डॉक्टर हसत तसं मुळीच नाही. छान, मोकळं हसली.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे? घालू दे की खुशाल. काही सुजत नाही, काही वाहून जात नाही. आणि हे बघा, सत्यवानभाऊ, तुमच्या आईला या बाटलीची गरजच नाही. हे नुसतं मीठ-साखरेचं पाणी. घरी पेजेत मीठ घालून प्यायली तरी तेच. तिला तसं काही झालेलं नाही. थोडं रक्त कमी आहे, त्याला या गोळ्या. नाचणी द्या, शेवग्याचा पाला द्या. सलाईनला परत आणू नका."

"काय झाला नाय?" सत्यवानाने पुन्हा विचारलं. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. "खरा? मी आपलो भियलेलंय, बाय. आये दर म्हयन्याक पडता, म्हटलंय काय मोठा दुखणा आसात."

"काही नाही. खडखडीत आहे."

त्याच्यामागे हौसाबाई खाटेवरून उतरून पदर खांद्यावर घेत होती. तिने सरलाकडे बघितलं. काही बोलायला तिचं तोंड उघडलं. मग मुलाकडे एकदा बघितलं आणि ते तोंड मिटलं. सरलाला वाटलं, म्हातारीला भरून आलं.

"चल गो आये," सत्यवान हसत म्हणाला. "फुकटचो ताप होतो आमका."

ती दोघं गेल्यावर खाली लवूने कपाळावर हात मारून घेतला. "सरलाबाय, पुनवेची एक राणी घालवलास तुमी!" भाई डॉक्टर ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी सरलाला हाक मारली.

"खोटं काही सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "पण या माणसांना मी वीस वर्षं बघतोय. सगळंच्या सगळं सांगायचं नसतं."

"का नाही?"

 भाई डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. सरलाला वाटलं, उत्तर नसणारच. गल्ल्याकडे लक्ष असलेल्या माणसाला कुठलं उत्तर?

चैत्राची पुनव आली आणि गेली. हौसाबाई आली नाही. सरलाने त्या दिवशी हवाबीच्या शेजारची खाट मुद्दाम मोकळी ठेवली होती. ती रिकामी राहिली तसं तिच्या मनात काहीतरी फुललं. हवाबी एकटीच आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"हौसाक तू गोळये दिलंस म्हणे," ती भिंतीलाच म्हणाली.

"हो. कशी आहे ती? बरी आहे ना?"

"बरी आसतली. फिरता, राबता. बरी नसान कोणाक सांगतली?"  मग मान वळवून म्हणाली, "माझ्या घराक तेवढी येव नको हां, बाय. माझ्या घोवाक काय सांगा नको."

सरलाला ती नेहमीची थट्टाच वाटली. ती हसली, आणि थेंब सावकाश केले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी सत्यवान सरलाच्या दारात उभा राहिला. हातात माडाच्या झावळीने गुंडाळलेली सुरमई, हातभर लांब.

"तुमच्यासाठी, बाय. पयलीच लागली जाळ्यात, म्हटलंय नर्सबायकच नेवया. आयेचा दुखणा गेला तुमच्या पायान. आता सगळा करता. मासळी खारवता, पाणी भरता, शिमग्याक पालखयेच्या दिवशी तर सगळ्या पावण्यांचा जेवाण एकटेन केल्यान. सुनेक पुढे होवक देणा नाय."

आईने डोळे पुसत सुरमई आत नेली. "बघ गो, देवान हातार काय दिल्यान तुका." त्या रात्री घरात सुरमईच्या तिखल्याचा वास दरवळला आणि सरला पोटभर जेवली. जेवता जेवता तिच्या मनातली तागडी थांबली. विमलाने वॉर्डाचं सांगितलं होतं. पण वॉर्डात माणूस येतो तेव्हा उशीर झालेला असतो; तिथून तो जातो आणि पुन्हा दिसत नाही. इथे तीच माणसं दर महिन्याला येतात, उघड्या डोळ्यांनी, चालत. बाटली लावता लावता त्यांना विचारता येतं, बघता येतं, दुखणं उंबऱ्यावरच अडवता येतं. सलाईनच्या खोलीतली नर्स ही पाणपोईवरची बाई नाही; तिला हवं तर ती सगळ्या गावाची नर्स होऊ शकते. हात गंजणार नाहीत, कारण डोळे चालू राहतील. एवढं सुचलं आणि सरलाला इतकं हलकं वाटलं, की तिने ताटातला शेवटचा कालवणाचा ओघळ बोटाने पुसून खाल्ला.

भाई डॉक्टरांना होकार सांगायच्या आधी तिला हौसाबाईला भेटायचं होतं. तिच्यामुळे तर हे ठरलं. रविवारी दुपारी गोळ्यांची नवी पुडी घेऊन ती दांडीवर गेली. माडांखालची घरं उन्हात चिडीचूप. सत्यवानाच्या ओसरीवर सून मुलाला घेऊन झोपलेली, सत्यवान जाळ्याच्या ढिगावर डोकं ठेवून घोरत होता. मागच्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता.

हौसाबाई परसात उकिडवी बसली होती. समोर बांगड्यांचा ढीग, बाजूला मोठं पिंप, त्यात मिठाचं पाणी. मासा चिरायचा, पोट काढायचं, पाण्यात बुडवायचा, मीठ भरायचं, टोपलीत रचायचा. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत मिठाने भेगा पडलेल्या, लाल.

"हौसामावशी!"

"कोण? नर्मदाचा चेडू?" तिने मान वर केली, हात थांबले नाहीत. "ये. बस त्या पाटार."

"सत्यवानाने सुरमई दिली आम्हाला."

"खाल्लंस? बरी होती?"

"मस्त होती. तुझ्या गोळ्या चालू आहेत ना? आणखी आणल्यात मी."

"घेतंय. कोंबयेक घातलेलंय दोन, अंडा मोठा घालता काय बघूक." ती हसली नाही. बांगडा चिरला, आतडं बाजूला टाकलं, कावळ्याने ते उचललं.

सरला पाटावर टेकली. सांगायची घाई झाली होती तिला. "मी ठरवलंय, मावशी. सावंतवाडीच्या इस्पितळात जागा होती, पण मी जात नाही. इथेच राहते, भाई डॉक्टरांकडे. नुसत्या बाटल्या लावायच्या नाहीत आता. तुला केलं तसं सगळ्यांना करणार. नीट बघायचं, नीट सांगायचं. त्या खोलीत किती बायका येतात, काही नसताना! कोणी त्यांना खरं सांगतच नाही."

हौसाबाईचे हात थांबले.

ते पाण्यातच थांबले. सरलाने पुढे बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिला मिटावं लागलं, कारण म्हातारी तिच्याकडे बघत होती, आणि ती नजर तिने एकदा दवाखान्यात पाहिलेली होती.

"मावशी? काय झालं?"

"काय नाय. रवांदे."

"काहीतरी आहे. बोल ना."

"बोलान काय?" हौसाबाईने ओसरीच्या दिशेने एकदा बघितलं. घोरणं ऐकू येत होतं. तिने आवाज खाली आणला. "ह्या बघ. माका म्हायत होता ता मिठाचा पाणी. सगळो जल्म मिठात गेलो माझो, माका मीठ कळाचा नाय?"

"मग कशाला लावून घेत होतीस?"

"ताकद कोणाक होई होती गो? दुपार होई होती माका. एक आखी दुपार. थंय खाटयेर पडलंय काय कोण हाक मारी नाय. घराक इलंय तरी हाताक पट्टी दिसा. सून सांगी, 'आये, पड.' ह्यो झील आपल्या हातान भांडी घाशी, सायबासारख्या माका ताट आणून देय. म्हयन्यात एक दीस. ता पाण्यात हात नाय घालूचा कोणी काढलान ता देवाक म्हायत, पण त्येच्यार मी म्हयनो काढी."

सरलाने पुडी बाजूला ठेवली. "पण मग... तू त्याच वेळी का नाही बोललीस? तिथेच उभी होतीस."

"काय बोलू? झिलासमोर सांगू, माका कायएक झाला नाय पण माका निजाचा आसा? दुखणा नसताना बाईलमाणूस आडवी पडली तर तिका काय म्हणतत, ता तुका म्हायत नाय? तू तर शिकलंस."

"मी सत्यवानाला सांगते. आत्ता उठवते. म्हणते, चुकलं माझं, लागतं सलाईन."

"बस खाली." आवाज चिरलेला होता, तरी सरला बसली. "आता तो कोणाचा ऐकतलो? बरो आसा माझो झील, वायट नाय. पण आता माझो पाय दुखलो, पाठ दुखली, मी नुसता 'आये गो' म्हटलंय, काय सगळे हसतत. 'नर्सबायन सांगलान, आयेक काय झाला नाय.' सुनेन तर ता नातवाकव शिकवल्यान."

कावळा परत आला. हौसाबाईने ओल्या हाताने त्याला हाकललं आणि थेंब सरलाच्या साडीवर उडाले.

"मी... मला कळलं नाही, मावशी."

"ताच." हौसाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते सरलाला रागापेक्षा जड गेलं. "डोळे ओढून बघलंस, जीभ बघलंस, पाय दाबलंस. मी तुका सगळा सांगलंय थंयच, कधी जेवतंय, कधी पडतंय. तू गोळये आणलंस."

तिने पिंपातून बांगडा उचलला. मीठ भरता भरता, त्याच्याकडेच बघत ती म्हणाली:

"त्या दिवशी बोलाक नाय, ता आयज बोलतंय. वायट वाटान घेव नको. तू वाडीक जा, बाय. थंय माणसा फुटतत, मोडतत, रगात येता. ता तुका दिसात. हयसर रव नको. आमचा दुखणा तुका दिसाचा नाय."